चित्रकथांची दाखलनोंद कोण करणार?

चित्रकथा हे वाङ्मय नव्हे, आणि संगणकावर उघडलेली चित्रकथा तर पुस्तकही नव्हे, असे एक दुहेरी मत आपल्या ग्रंथालयांच्या समित्यांत आजही आदराने ऐकून घेतले जाते. ते मांडणारी मंडळी सुविद्य असतात, त्यांची भाषा शुद्ध असते आणि त्यांच्या घरी माळ्यावर वेताळाचे दहा-वीस अंक हमखास सापडतात. बृहन्महाराष्ट्रातील एका जुन्या मराठी ग्रंथालयात काही वर्षांपूर्वी निर्लेखनाची यादी झाली. तीत बालविभागातील चित्रकथांचे बांधीव गठ्ठे ‘किरकोळ’ या सदराखाली होते. ते वजनावर गेले. त्यांना दाखलक्रमांकच नव्हता, त्यामुळे ते बाद करताना ठरावाचीसुद्धा गरज पडली नाही. त्याच बैठकीत दुर्मीळ ग्रंथांच्या जतनासाठी निधी उभारण्याचा ठराव एकमताने संमत झाला, हे ऐकून हसावे की रडावे ते कळेना.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या घरांत आणि संस्थांत उरलेल्या मराठी चित्रकथा संगणकीय धारिकांच्या रूपाने जतन करणे आज कोणत्याही मध्यम कुवतीच्या मंडळाला शक्य आहे. त्यासाठी लागणारी आज्ञावली फुकट आहे. उणीव आहे ती सूचीकाराची. आणि सूचीकार मिळत नाही तो चित्रकथेला सूचीत बसवणे आपल्याला कमीपणाचे वाटते म्हणून.

हा कमीपणा कोठून आला, हे एक कोडेच आहे. निबंधाच्या नावाने चालणाऱ्या या पत्रिकेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव घेण्यास परवानगी नको. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. आणि तिचाच कर्ता १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढतो, शिळाप्रेसवर रामपंचायतन आणि नाना फडणवीस छापून घरोघरी पोहोचवतो. मराठी गद्याला कणा देणाऱ्या या पुरुषाला चित्र आणि अक्षर यांत सोवळेओवळे दिसले नाही. आम्हा बडोदेकरांना तर आणखी जवळचा दाखला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून जे ग्रंथालय खाते उभे केले, त्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके होती, मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि दृश्य-शिक्षणाची एक शाखाही होती. मॅजिक लँटर्न आणि सिनेमॅटोग्राफ यांचे खेळ करणे हे त्या शाखेचे काम होते, आणि ते ग्रंथालयाचेच काम मानले गेले होते. शंभर वर्षांपूर्वी जे दरबारला समजले ते आजच्या समितीला समजावून सांगावे लागते. राजा रविवर्म्याने बडोदे दरबारासाठी रंगवलेल्या पौराणिक चित्रांची वाट पुढे तैलरंगी छापील तसबिरींतून थेट ‘अमर चित्र कथे’च्या पानांपर्यंत येते. ती तसबीर आपण दिवाणखान्यात लावतो आणि तो अंक रद्दीत देतो.

आता हे अंक म्हणजे नेमके काय, तेही पाहू. टाइम्स समूहाचे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ ते १९९० या काळात निघत होते. इंग्रजी-हिंदीबरोबर ते मराठीतही आले. ली फॉकचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला, तो इतका आपला झाला की त्याचे मूळ नाव पुष्कळांना नंतर कळले. त्याच समूहात काम केलेल्या अनंत पै यांनी पुढे १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ आणि १९८० साली ‘टिंकल’ उभे केले. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या ‘चंदामामा’चा मराठी अवतार ‘चांदोबा’ १९५२ पासून आपल्या घरी येऊ लागला. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ अवतरला. यांतले काही अनुवाद, काही स्वतंत्र, काही चित्रकथा तर काही सचित्र कथा. या भेदांची चर्चा समीक्षकांनी खुशाल करावी.

पण एक गोष्ट मनाला लागते. ‘अमर चित्र कथे’तील ‘कृष्ण’ ज्यांनी रेखाटला ते राम वाईरकर, तिच्या अनेक अंकांचे आणि पुढे हिंदीतील ‘नागराज’च्या आरंभीच्या अंकांचे चित्रकार प्रताप मुळीक, आणि दिलीप कदम, ही सारी मराठी माणसे. भारतातल्या एका अख्ख्या पिढीने कृष्ण, शिवाजी आणि सुपंडी मनात धरले ते या मराठी हातांनी काढलेल्या रूपांत. आपल्या किती ग्रंथालयांच्या सूचीत ‘वाईरकर, राम’ ही नोंद आहे? मराठी माणसाची अखिल भारतीय कामगिरी हा आपल्या व्याख्यानमालांचा आवडता विषय. सूचीत मात्र चित्रकाराला रकानाच नाही.

आणि प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, ऐकते, पण वाचताना अडखळते. बडोद्यात शाळेत गुजराती लिपी, बेळगावात कानडीचा आग्रह, हैदराबादेत तेलुगू आणि इंग्रजी. इंदूर-ग्वाल्हेरला लिपी तीच, म्हणून तर मराठी आणि हिंदी यांची सीमा मुलांच्या डोळ्यांना दिसतच नाही. अशा मुलाच्या हाती एकदम कादंबरी देणारे पालक भेटतात, आणि ‘मुले मराठी वाचत नाहीत हो’ अशी त्यांची तक्रारही नंतर कानी येते. चित्रकथेत वाक्य लहान असते, चौकट अर्थ सांगत असते, अडलेला शब्द चित्रावरून उमगतो. आपल्यापैकी अनेकांचे मराठी वाचन याच मार्गाने पक्के झाले. ती शिडी आपण चढलो आणि मग ती मोडून जळणाला दिली.

आता यंत्राकडे वळतो, कारण आक्षेपकांचा दुसरा गट तेथे उभा आहे. ‘डिजिटल’ हा शब्द ऐकताच काहींना भुरळ पडते आणि काहींना शिसारी येते. दोघांनाही वस्तू काय आहे ते ठाऊक नसते. चित्रकथेची संगणकीय धारिका ही अत्यंत साधी गोष्ट आहे. अंकाचे प्रत्येक पान स्कॅन करून त्याचे एक चित्र करायचे, ती चित्रे क्रमाने एका झिप गठ्ठ्यात बांधायची आणि त्या गठ्ठ्याच्या नावापुढील ‘झिप’ हे शेपूट बदलून ‘सीबीझेड’ असे करायचे. संपले. ‘सीबीआर’ नावाचा तिचा भाऊ आहे. तो रार पद्धतीने बांधलेला असतो. ती पद्धत खासगी मालकीची असून तसा गठ्ठा बांधायला मालकाची आज्ञावली लागते. म्हणून जतनासाठी सीबीझेडच धरावे. पानांचा क्रम चित्रांच्या नावांवरून लागतो. म्हणून नावे ००१, ००२ अशी द्यावीत. नुसते १, २, ३ दिले तर साध्या अकारविल्हेने १ च्या पाठोपाठ १० येते, आणि वेताळ संकटात सापडण्याआधीच त्यातून सुटतो.

या धारिका नुसत्या उघडून वाचायला पुष्कळ साधने आहेत. परंतु शेकडो अंक झाले की वाचनाच्या आधी ग्रंथपालन येते, आणि तेथे ‘कॅलिबर’ या आज्ञावलीला आज तोड नाही. कोविद गोयल यांनी २००६ साली, सोनी कंपनीचे वाचनयंत्र आपल्या लिनक्स संगणकाशी बोलत नाही म्हणून, स्वतःपुरते एक साधन लिहायला घेतले. त्याचेच २००८ मध्ये कॅलिबर झाले. ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. पुस्तके जमवणे, त्यांच्या नोंदी करणे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेणे, वाचनयंत्रावर धाडणे आणि तेथल्या तेथे वाचणे, ही सारी कामे ते करते. त्यात एक लहानसा सेवक-विभागही आहे : ग्रंथालयातील एका संगणकावर तो चालू ठेवला की त्याच दालनातील दुसऱ्या संगणकावर किंवा टॅबवर अंक उघडून वाचता येतो. रविवारच्या बालवाचनालयाला आणखी काय हवे? वयस्क वाचकांनीही नाक मुरडू नये. बारीक अक्षरांचा संवादफुगा बोटांनी मोठा करता येणे ही मोतीबिंदूच्या वयात लहान गोष्ट नव्हे.

तरीही माझा वाद यंत्राच्या भक्तांशी अधिक आहे. ‘आम्ही डिजिटायझेशन केले’ असे अहवालात छापणाऱ्या संस्थांचे काम उघडून पाहावे. एका तबकडीत ‘स्कॅन०००१’पासून पुढे शेकडो नावे, कोणता अंक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, ते देव जाणे. कादंबरीच्या बाबतीत असा निष्काळजीपणा एक वेळ निभावतो, कारण युनिकोडात टंकलेल्या मजकुरात शब्द शोधता येतो. चित्रकथेत तसे नाही. संगणकाच्या लेखी ते पान म्हणजे रंगांचा सडा, संवादफुग्यातले ‘थांब!’ हे त्याला वाचता येत नाही. कॅलिबरमध्ये पुस्तकांच्या अंतरंगात शोध घेण्याची सोय २०२२ पासून आली आहे, परंतु जेथे मजकूरच चित्र आहे तेथे तीही आंधळी. म्हणजे चित्रकथा सापडेल ती केवळ आपण लिहिलेल्या नोंदीवरून. नोंद नसेल तर ती धारिका माळ्यावरच्या गठ्ठ्याहूनही वाईट, कारण गठ्ठा निदान पायाला अडखळतो.

उदाहरणच घेऊ. शोधचौकटीत ‘वेताळ’ लिहिले तर ‘चांदोबा’तील विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आणि कवटीच्या गुहेतला वेताळ दोघेही हजर होतील. दोघांना वेगळे काढणारी खूण यंत्र देणार नाही. ती मराठी वाचलेल्या माणसानेच घालायची. ‘इंद्रजाल’ने आधी सलग क्रमांक दिले आणि पुढे खंड व अंक अशी पद्धत धरली. कॅलिबरच्या ‘मालिका’ या रकान्यात एकच क्रमांक मावतो, म्हणून खंडासाठी आपला वेगळा रकाना करावा लागतो. तो करता येतो, आणि तसाच चित्रकाराचा, अनुवादकाचा, मूळ भाषेचा आणि प्रत ज्या घरातून आली त्या घराचाही करता येतो. लेखकाच्या जागी संपादकाचे नाव दडपून मोकळे होण्याची आपली जुनी सवय येथे सोडावी लागेल. हे काम कोणा शिकाऊ मुलाला तासाच्या दराने देण्याचे नाही. पंचविशीतल्या मुलाला स्कॅन करता येते. मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाची पहिली दोन पाने पाहून ‘हा अमुक’ असे सांगणारी माणसे सत्तरीत आहेत, आणि ती आपल्या सभासदांच्या यादीतच आहेत.

लिपीविषयी एक तक्रार मात्र खुद्द या आज्ञावलीच्या खात्यावर मांडली पाहिजे. पुष्कळ वर्षे कॅलिबर आपल्या संग्रहातील फोल्डरांची आणि धारिकांची नावे सक्तीने रोमी लिपीत उतरवत असे. पडद्यावर देवनागरी शाबूत, पण तबकडीवर मराठी लेखकांच्या नावांचा असा भुगा की खुद्द लेखकाला आपले नाव ओळखू येऊ नये. अलीकडच्या आवृत्त्यांत ही खोड गेली आहे. पण तेवढ्या काळात आपल्या लोकांना रोमीत नोंदी करण्याची जी सवय लागली ती काही गेलेली नाही. मराठी पुस्तकाचे नाव ‘वेताळ’ असे टंकायला आळस करून इंग्रजी हिज्जे करणारा सूचीकार चार ठिकाणी चार हिज्जे करतो, आणि मग पुस्तक असून नसल्यासारखे होते. मराठी संस्थेची सूची देवनागरीत असावी हे सांगण्याची वेळ यावी, हे लाजिरवाणे आहे.

‘एवढा खटाटोप कशाला? वर्गणी भरली की हवे ते वाचता येते’ असे तरुण सभासद म्हणतात. त्यांनी थोडा अलीकडचा इतिहास पाहावा. २००९ साली अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून ऑर्वेलचे ‘१९८४’ परस्पर पुसून टाकले, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत केले, पण पुस्तक गेले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही दुकानाबरोबर मिटली. कॉमिक्सॉलॉजी हे इंग्रजी चित्रकथांचे सर्वांत मोठे संगणकीय दुकान अॅमेझॉनने २०१४ साली घेतले, २०२२ मध्ये त्याचे व्यवहार किंडलमध्ये मिसळले आणि २०२३ अखेर त्याचे स्वतंत्र अॅपही संपवले. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची वाट २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. कुलूपबंद धारिका कॅलिबर उघडत नाही. म्हणजे जे आपण ‘विकत घेतले’ ते आपल्या कपाटात कधी आलेच नव्हते. इंग्रजीसारख्या बलाढ्य भाषेच्या वाचकांची ही गत. मराठी चित्रकथेचा व्यापार तो केवढा, आणि तिच्यासाठी कोण्या दूरच्या कंपनीने दुकान उघडे ठेवावे ही अपेक्षा केवढी! साधी, विनाकुलूप सीबीझेड धारिका आपल्या तबकडीवर असणे आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असणे, यापलीकडे मला भरवसा दिसत नाही.

कायद्याचा मुद्दा आक्षेपक नेहमी शेवटी काढतात, आणि तो काढला की बैठक संपते. तेव्हा कायदाच पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक पोटकलम आले. त्यानुसार, अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची संगणकीय साठवण केल्याने हक्कभंग होत नाही. भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती अशा ग्रंथालयाच्या उपयोगासाठी करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. आपली बहुतेक ग्रंथालये या वर्णनात बसावीत असे मला वाटते. तरीही कार्यकारिणीत एखादा वकील असतोच, त्याला दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्याऐवजी एकदा हे कलम वाचायला सांगावे. ध्यानात घ्यावे ते एवढेच, की येथे मुभा जतनाची आहे, वाटपाची नाही. आणि पहिली अट छापील प्रत जवळ असण्याची आहे. ज्या समितीने गठ्ठे वजनावर विकले, तिने आपली कायदेशीर वाटही त्याच तागडीत घातली.

म्हणूनच मोबाइलवरच्या गटांतून अख्खे अंक ढकलणाऱ्या हौशी मंडळींशीही माझे जमत नाही. त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच्या पैशाने, रात्री जागून जुने अंक स्कॅन केले; संस्था झोपल्या असताना ही माणसे जागी होती, आणि त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु गटागटांतून फिरताना चित्र दर वेळी आकसते, मुखपृष्ठ गळते, कोणी मधल्या पानावर स्वतःचे नाव ठोकतो, आणि हयात चित्रकाराला वा त्याच्या वारसांना विचारावे हे कोणाच्या मनातही येत नाही. जी चित्रकथा आजही छापील मिळते, ती विकत घ्यावी. ‘चिंटू’ची पुस्तके निघालेली असताना त्यांच्या धारिका मागत फिरणे शोभत नाही. ‘बालभारती’ने १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक स्वतः संगणकीय करून वाचकांसाठी खुले केले, मालकाने हे आपण होऊन केले की सगळे वाद मिटतात, आणि अन्य प्रकाशकांकडे तसा आग्रह धरणे हे साहित्यसंस्थांचे काम आहे. त्या आग्रहाचे एक तरी पत्र आपल्या कोणत्या मंडळाने पाठवले?

काम हाती घेणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. स्कॅन केलेली मूळ सीबीझेड धारिका कधीही बदलू नये. वाचनयंत्रासाठी हवे ते रूपांतर तिच्यावरून वेगळे करावे. कॅलिबर रूपांतराच्या वेळी रंग काढून करडे करणे, चित्र यंत्राच्या पडद्याएवढे लहान करणे, कडेचे समास छाटणे, अशा अनेक सोयी देऊ करते. सहा इंची करड्या पडद्यावर या सोयी कामाच्या आहेत. पण जतनप्रतीला त्या लावल्या तर वाईरकरांच्या कृष्णाची निळाई जाईल, ती परत येणार नाही. जपानी चित्रकथांसाठी उजवीकडून डावीकडे पाने लावण्याची एक सोय आहे, ती आपण चुकून दाबू नये, एवढेच. पीडीएफचा हट्ट धरू नये. छपाईपुरता तो ठीक, पण तेथून परत फिरणे कठीण असते आणि कॅलिबरचे माहितीपुस्तकही त्याला रूपांतरासाठी वाईटांपैकी वाईट स्वरूप मानते.

आणि पाने वगळू नयेत. कथेची तेवढी पाने ठेवून जाहिराती, कोडी, वाचकांची पत्रे काढून टाकण्याचा मोह होतो. त्या वेळी काय विकले जात होते आणि कोणत्या भाषेत, हे पुढच्या अभ्यासकाला तेथेच सापडणार आहे. समासही छाटू नये. आपल्या या अंकांच्या समासांत मालकाचे नाव, इयत्ता आणि तुकडी, उसने देण्याच्या तारखा, भाड्याच्या वाचनालयाचे शिक्के, क्वचित ‘हा अंक परत करणे’ अशी धमकी असते. बडोद्याच्या वाड्यातल्या कोण्या मुलाने वेताळाला पेन्सिलीने मिशा काढल्या असतील, तर त्या मिशांसकट पान स्कॅन करावे आणि शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करावी.